राखणदारानं वाट वाकडी केली

पाय आत घ्या. कुमू, तू भिंतीकडे सरक. दत्या, पांघरूण एकट्या तुझं नाही. हं, आता ऐका.

एक होतं गाव. राजा नव्हता त्याला, बरं का. राजा आला की हत्ती येतो, आणि मग तुम्ही गोष्ट सोडून हत्तीबद्दलच विचारत बसता. हे गाव माझ्या माहेराकडचं, खाली कोकणात, खाडीच्या काठाला. सुरंगवण त्याचं नाव. सुरंगीची झाडं होती ना तिथे, फुलली की सगळं गाव घमघमायचं.

या गावाला एक राखणदार होता. कुणाला दिसायचा नाही, पण होता. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, काठीला घुंगरू. रोज भर दुपारी गावाभोवती एक फेरी मारायचा. तो जिथून चालायचा ती गावाची वेस. वेशीच्या आत गाव, वेशीच्या बाहेर रान. आता इतकं चालायचं म्हणजे वहाणा झिजणारच. म्हणून गावातली माणसं वेशीवरच्या दगडापाशी त्याच्यासाठी नव्या वहाणा ठेवायची, चांगल्या जाड कातड्याच्या. महिन्याभरानं बघावं तर तळ झिजलेले. न घालता वहाणा झिजतात का? मग! आणि त्याला नाव नव्हतं हं. राखणदार म्हणायचं, नाहीतर म्हाराजा म्हणायचं. खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर दर तीन वर्षांनी, मार्गशीर्षात, हे गाव पळायचं. हसतेस काय कुमू? गावपळणच म्हणायचे तिला. सगळी माणसं, सगळी गुरं, कोंबड्या, मांजरं, पिंजऱ्यातला पोपटसुद्धा घेऊन खाडीपलीकडे जायची. तिथे वाळूत माडाच्या झावळ्यांच्या खोपी बांधायच्या आणि तीन दिवस राहायचं. मागे गावात काही म्हणजे काही नाही. चूल नाही, दिवा नाही, माणसाचं पाऊल नाही. ते का? तर त्या तीन दिवसांत राखणदार गाव झाडायचा. ताप, खोकला, खरूज, विंचू, कुणाकुणाची लागलेली नजर, सगळी पीडा काठीनं हाकत हाकत खाडीत लोटायचा. पण गावात एका जरी माणसाचा श्वास राहिला ना, की ही पीडा त्या श्वासात जाऊन लपायची. आणि मग तीन वर्षं गावातून हलायची नाही.

खोटं वाटतं? गावालाही एकदा वाटलं होतं. एक दाजी म्हणून म्हातारा होता. अंथरुणाला खिळलेला. मी माझ्या घरातच पडून राहणार म्हणाला. लोकांना दया आली. त्याला घरातच ठेवलं, उशाला पेज ठेवली आणि गाव गेलं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं हं. पण पुढची तीन वर्षं ताप गावातून निघाला नाही. अकरा लेकरं गेली. त्यात गावकराची पाच वर्षांची लेक गेली.

गावकर म्हणजे गावचा मुख्य. विसू गावकर. लेक गेली तेव्हा तो रडला नाही. पण त्यानंतर दर पळणीला तो स्वतः घरोघर फिरायचा. माळ्यावर चढून बघायचा. भाताच्या कणगीत हात घालून बघायचा, कुणी मागे राहिलं नाही ना. त्याला कुणी हसायचं नाही.

आता झालं काय, एका वर्षी पळणीला पाच दिवस राहिले होते आणि आवडी बाळंत झाली. आवडी कोण? गावकराच्या शेजारची सून. घरात ती एकटीच. तिचा नवरा बाबल गलबतावर गेलेला, लांब दक्षिणेला. आणि बाळंत झाली ती सातव्या महिन्यातच. मुलगी. एवढीशी. माझ्या या ओंजळीत मावली असती. येसूमाय म्हणून गावची सुईण होती, ऐंशी ओलांडलेली. अर्ध्या गावाची नाळ तिनंच कापलेली, गावकराचीसुद्धा. तिनं काय केलं, सुपात सावरीचा कापूस घातला, त्यात बाळ ठेवलं, आणि सूप चुलीजवळ ठेवलं. चुलीत रात्रंदिवस निखारे. चिंधीची वात करायची, आईच्या दुधात बुडवायची आणि बाळाच्या ओठावर थेंब सोडायचा. एक थेंब, मग थांबायचं. मग दुसरा. रडायचं तर बळच नव्हतं तिला. नुसतं चीं चीं करायची.

असे तीन दिवस गेले आणि गावाला कळलं. आणि सगळ्यांच्या मनात एकच आलं. परवा पळण. आता या पोरीचं काय करायचं?

मग सकाळी आल्या बायका. पाच-सहा जणी. म्हणाल्या, गुंडाळून नेऊ की. पदराखाली घेऊ, आळीपाळीनं उराशी धरू. येसूमाय वाद घालत बसली नाही. "येवा, बगा," म्हणाली, आणि सूप उचलून उंबऱ्याशी नेलं. खाडीवरचा वारा आला. मार्गशीर्षातला वारा तो. बाळाचे ओठ निळे पडले. चीं चीं बंद झालं. एक... दोन... तीन... येसूमाय सूप घेऊन परत चुलीशी. तळहात शेकले, छाती चोळली. किती वेळानं बाळानं श्वास घेतला. एकीनं आपल्या अंगावरची शाल काढून तिथे ठेवली आणि सगळ्या निघून गेल्या.

मग दुपारी आला सखबा. सखबा म्हणजे गावातला शहाणा. नियम म्हणाल तो त्याला पाठ. आणि एखादा पाठ नसला तर तिथल्या तिथे करून सांगेल असा. ओटीवर बसला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "आवडी, मी वाट काढलंय. बारसा झाला नाय. नाव नाय. नाव नाय तो माणूस मोजूचो नाय. पोरग्या हयच ठेवूया. नियम मोडणा नाय."

आवडीनं विचारलं, "आणि मी?"

"तुका नाव आसा. तुका जावक होया."

"आणि तिका दूध?"

सखबा डोकं खाजवायला लागला. शेळीचं म्हणावं, तर शेळीलाही गावात राहायची परवानगी नाही. मग आवडी सुपाकडे बघत म्हणाली, "माणूस नाय, तर ही कोण? मांजर तरी बरोबर नेतास तुमी." सखबा उठला आणि गेला. वाईट नव्हता हो तो. त्यालाही ती पोर वाचायला हवी होती. पण वाचवायची कशी, तर आधी तिला माणसातून काढून! शहाण्या माणसांना असं सुचतं कधी कधी.

मग तिन्हीसांजेला आला विसू गावकर. एकटाच. आत आला नाही, उंबऱ्यावर बसला. कितीतरी वेळ सुपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आवडी, माझी पोर आठवता तुका?"

आवडीनं मान हलवली. आवडीचं माहेरही याच गावात, दोघी एकत्र खेळलेल्या, तिला नाही आठवणार तर कुणाला.

"गावात आज साठ लेकरां आसत. दाजीच्या येळेक मी गप्प रवलंय. दया इली म्हणान. आता तूच माका सांग, मी काय करू?"

बघा, दुसरा कुणी असता तर दरडावून गेला असता. हा विचारत होता. आणि आवडीला उत्तर कुठे येत होतं? तिलाही ती साठ लेकरं माहीत होती. तिच्याच अंगणात खेळायची ती. ती एवढंच म्हणाली, "काका, तिका नेलंय तर ती जातली. ठेवलंय तर दुसऱ्याची जातली. माका नाय सांगूक येना."

काय दत्या? गावकर वाईट होता का? वाईट कसा असेल रे! एका बाजूला एक लेकरू, दुसऱ्या बाजूला साठ. आणि एका बाजूच्या लेकराला आई आहे तशी त्या साठांनाही आहे. असं असतं तेव्हा चांगली माणसंच भांडतात. वाईट माणसाला त्यात भांडण्यासारखं काही दिसतच नाही. उगाच मध्ये बोलू नकोस, मी कुठे होते? हं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं गाव देवळात जमलं. आमच्याकडे कौल लावतात. देवाच्या अंगाला फुलं चिकटवायची आणि प्रश्न विचारायचा. उजवीकडचं फूल पडलं तर होय, डावीकडचं पडलं तर नाही. गुरवानं पहिला प्रश्न विचारला. यंदा पळण केली नाही तर चालेल का? टप्. डावं फूल पडलं. म्हणजे पळण करायचीच. मग दुसरा प्रश्न. लेकराला बाहेर न्यायचं का? फूल पडेना. मग तिसरा. लेकराला गावात ठेवायचं का? फूल पडेना. बसले सगळे. खांबाची सावली सरकली तरी फूल जागचं हलेना. गुरवाला घाम फुटला. म्हणाला, "देव काय बोलणा नाय."

मागून येसूमाय म्हणाली, "बोललो मा. ह्या तुमचा तुमी ठरवा, म्हणता."

मग ती काठी टेकत पुढे आली. म्हणाली, "विसू, वेस खंय आसा रे?"

गावकर म्हणाला, "राखणदार चलता थंय."

"तर मग ऐक. पोरीक वेशीभायर नेवक जमाचा नाय. पण वेस आत हाडूक जमात."

हाडूक म्हणजे आणायला, बरं का. आमच्या तिकडची बोली. कळलं का तिचं म्हणणं? आवडीचं घर गावाच्या अगदी कडेला होतं. तिच्या घरामागून वेस जायची. येसूमाय म्हणत होती, राखणदारानं थोडं आधीच आत वळावं, आवडीच्या घराच्या पुढून जावं, आणि पलीकडे परत आपल्या जुन्या वाटेला लागावं. म्हणजे काय झालं? घर जागच्या जागी, पण गावाच्या बाहेर! बाळाला हलवायला नको. गावानंच जरा अंग चोरून बसायचं. मग तिथे चूल पेटली तरी चालेल, श्वास घेतला तरी चालेल.

लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग सखबा उठला. म्हणाला, वाट आहे कुठे तिथे? आणि ते खरंच होतं. राखणदार मोकळ्या वाटेनंच चालतो. तो काही गडग्यांवरून उड्या मारत जाणार नाही. गडगा म्हणजे दगडावर दगड रचून परसाभोवती घातलेली भिंत. त्या वळणावर नऊ गडगे आडवे येत होते. आणि सगळ्यात लांब गडगा कुणाचा? सखब्याचा. गेल्याच वर्षी बांधलेला.

आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. ती येसूमायनंच सांगितली. "विसू, वळण घेतला तर तुझा घरय भायर पडता."

गावकराचं घर आवडीच्या शेजारी, त्याच कडेला. वेस आत आली की तेही बाहेर. आणि पळणीत आखलेली वेस पुढच्या पळणीपर्यंत तशीच राहायची, म्हणजे तीन वर्षं त्या घरावर राखण नाही. त्याच्या घरात दोन नातवंडं होती, एक चालणारं आणि एक रांगणारं. आणि राखणदार वळलाच नाही तर? तर सगळं गाव पुन्हा त्या तापाच्या तोंडी. हेही सखब्यानंच विचारलं. कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

गावकर उठला. देवळातून निघाला तो थेट आपल्या परसात गेला. गडग्याचा वरचा दगड दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूला ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. आणि घरातून त्याची सून बाहेर आली, रांगणारं पोर कडेवर घेऊन. तिनं पोर सासूकडे दिलं आणि खराटा घेऊन वाट झाडायला लागली. तिला कुणी सांगितलं नव्हतं हं.

मग सगळं गाव लागलं कामाला. त्या दिवशी सुरंगवणात कुणी जेवलं नाही. पुरुष दगड काढत होते, पोरं काटे ओढून टाकत होती, बायका शेणपाण्याचा सडा घालत होत्या. सखबा आपला गडगा पाडताना प्रत्येक दगडाला नावं ठेवत होता, हा कुठून आणला, तो किती मेहनतीनं बसवला. त्यातला एक पडला त्याच्या अंगठ्यावर. मग तो जरा गप्प झाला. आणि सूर्य खाडीत टेकला तेव्हा वाट तयार झाली. सारवलेली, स्वच्छ, आवडीच्या दारापुढून वाकडी वळून गेलेली.

मग गावकरानं वहाणांचे दोन जोड आणले. एक नेहमीसारखा वेशीवरच्या दगडापाशी ठेवला. दुसरा वळणावर, वाट लांबली म्हणून. आणि हात जोडून गाऱ्हाणं घातलं. "बा म्हाराजा! आज तुझी वाट आमी वाकडी केली हा. एका लेकराच्या जिवासाठी केली हा. तुका चार पावलां जास्त पडतली. चूक झाली आसात तर ती माझ्या पदरात घाल, लेकरांच्या घालू नको, रे म्हाराजा!" आणि सगळं गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

दुसऱ्या दिवशी उजाडताना ढोल वाजला. गाव पळालं. होड्या भरभरून पलीकडे गेलं. जाता जाता सखबा लंगडत आवडीच्या दाराशी आला आणि येसूमायच्या कानात म्हणाला, "म्हाराजान इचारल्यान, आत किती जणा, तर दोन सांग. नाव नाय त्याका मोजू नको. उगाच कशाक धोको." आणि गेला.

मागे राहिली तीन जणं. आवडी, येसूमाय आणि सुपातली ती. इतकी शांतता झाली की दोघींना आपापला श्वास ऐकू यायला लागला. कोंबडा नाही, कुत्रा नाही. नुसते निखारे फुटायचे चुलीत.

पहिल्या दिवशी भर दुपारी लांबून आवाज आला. छुन्... छुन्... घुंगरू. जवळ जवळ आला. वळणावर आला. आणि थांबला. आवडीनं सुपावर हात धरला. आता तो वळतो की सरळ जातो? कितीतरी वेळ काही नाही. मग पुन्हा छुन्. आवाज दारापुढून गेला. वळला होता तो!

दुसऱ्या दिवशी भर दुपारी पुन्हा छुन् छुन्. आज तो दारासमोरच थांबला. आणि आवाज आला. कसला आवाज म्हणाल, तर म्हाताऱ्या दमलेल्या माणसाचा.

"आत कोण?"

"आमी वेशीभायर आसंव, म्हाराजा," येसूमाय म्हणाली.

"किती जणा?"

येसूमायनं तोंड उघडलं. सखब्याचं तिला आठवत होतं. दोन म्हटलं की सुटलो. पण आवडी तिच्याआधी म्हणाली, "तीन."

बाहेर काठी आपटली. "नावां दोनच ऐकलंय मी. तिसऱ्याचा नाव काय?"

"नाव अजून नाय."

"नाव नाय, तर मोजलंस कित्याक?"

आता आली का पंचाईत! आवडीनं सूप उराशी धरलं आणि म्हणाली, "म्हाराजा, तुझा तरी नाव कोणाक ठावक आसा? तरी तुका व्हाणो ठेवतोच मा आमी?"

येसूमायनं डोळे मिटून घेतले. राखणदाराशी असं बोलतात का कुणी? मग घुंगरू हललं. राग आल्यासारखं नाही, बरं का. म्हातारी माणसं हसताना खांदे हलतात ना, तसं हललं. आणि आवाज पुढे निघून गेला.

मग आला तिसरा दिवस. शेवटची फेरी. आज हाकलेली सगळी पीडा खाडीकडे निघायची. भर दुपार झाली. लांबून घुंगरू आलं, आणि त्याच्या पुढे कसलीतरी सरसर, पाचोळा उडत यावा तशी. आवाज नेमका दारापुढे आला, आणि तेवढ्यात सुपातून आवाज फुटला. ट्यँ! सात दिवस नुसती चीं चीं करणारी ती, आज भोकाड पसरून रडली. पहिल्यांदा. आवडीला हसू यावं की रडू, कळेना. आणि भीतीही वाटली. बाहेर ती सरसर थांबली होती. ऐकत होती. इथे श्वास आहे, हे कळलं होतं तिला.

मग घुंगरू जोरात वाजलं. छुन् छुन् छुन्! दाराकडून परसाकडे गेलं. परसातून मागे. मागून गावकराच्या घराकडे. पुन्हा फिरून पुढे. घराच्या भोवती, चहूबाजूंनी. आवडीनं पोरीला उराशी धरलं आणि नुसतं ऐकत बसली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग ती सरसर खाडीकडे गेली, आणि घुंगरू तिच्या मागोमाग गेलं, आणि सगळं शांत झालं. पोर दूध प्यायला लागली. चिंधीची वात नको, काही नको. स्वतःच्या बळावर.

चौथ्या दिवशी सकाळी गाव परत आलं. सगळ्यात पुढे गावकर. धावत आला, साठ वर्षांचा माणूस. बघतो तर आवडी अंगणात उन्हाला बसलेली, मांडीवर शाल, शालीत ती. गावकरानं वाकून बघितलं. तिनं याच्याकडे बघून जांभई दिली.

मग तो वळणावर गेला. वहाणा बघायला. दुसऱ्या जोडाचे तळ झिजून आरपार भोक पडलेलं. तेवढं ठीक, पळणीत गाव झाडताना एक जोड जायचाच, आणि वाटही लांबली होती. पण वेशीवरच्या दगडापाशी गेला, तर तिथला जोडही तसाच, आरपार. तीन दिवसांत दोन जोड? चार पावलांच्या वळणाला एवढं चालणं कसं लागलं?

मग त्याला दिसलं. सारवलेल्या वाकड्या वाटेवर पावलं होती. मोठी, वहाणा झिजून गेल्यावर अनवाणी उमटलेली, टाचेला भेगा पडलेली. आणि आवडीच्या घरामागे, जुन्या वेशीवरही पावलं होती. तीच. ओळीनं, त्याच्या स्वतःच्या घराच्या मागून गेलेली.

कळलं का? त्यानं रोज दोन फेऱ्या मारल्या होत्या. एक वाकड्या वाटेनं, गाव झाडायला. आणि ती संपली की दुसरी, घुंगरू न वाजवता, जुन्या वाटेनं, आवडीचं घर आणि गावकराचं घर आतमध्ये घेऊन. गाव झाडताना ती पोर बाहेर होती. आणि राखताना आत होती. बाहेर असं त्यानं कुणाला सोडलंच नव्हतं.

विसू गावकर तिथेच मातीत बसला. ती झिजलेली वहाण उचलून त्यानं कपाळाला लावली. आणि रडला. लेक गेल्यापासून पहिल्यांदा. लोक लांब उभे राहिले. कुणी त्याला उठवायला गेलं नाही, त्याला रडू दिलं.

मग पुढे काय? पुढे सगळं चांगलं झालं. तीन वर्षं गावात ताप आला नाही. सर्दी-पडसं झालं, ते कुठे जातंय. बाबल गलबतावरून परत आला आणि पोरीला बघून दारातच मटकन बसला. ती मोठी झाली, सखब्याच्या परसातले काजू चोरून खायला लागली. सखब्यानं गडगा पुन्हा बांधला, पण मध्ये एवढी जागा मोकळी सोडली, राखणदाराला जायला. कुणी विचारलं तर सांगायचा, दगड कमी पडले. आणि तेव्हापासून सुरंगवणात वहाणांचे दोन जोड ठेवतात. एक गावासाठी, आणि एक ज्याला गावाबरोबर चालता येत नाही त्याच्यासाठी. मीही ठेवलेत, लहानपणी, माझ्या आईचा हात धरून.

काय गं कुमू? अजून जागी? पोरीचं नाव काय ठेवलं? ते तर तिच्या आत्यानं बारशाला तिच्या कानात सांगितलं. मला कुठून ऐकू येणार? नावाशिवाय तुमचं अडतं का काही? राखणदाराचं नाही अडलं.

चला, डोळे मिटा. दत्या झोपलाच वाटतं. आता थोड्या वेळानं घरात चपला वाजतील, फट्‌ फट्‌, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत. घाबरू नका. मीच आहे ती. कड्या लावत फिरतेय. झोपा.